खिशातली दवंडी

कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशावर हातकणंगले तालुका पाहा. उत्तरेच्या बाजूने वारणा वाहते आणि दक्षिण भागातून पंचगंगा. खुद्द हातकणंगले गाव नदीकाठी नाही, ते मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर आहे. पण रुकडी, रुई, इंगळी, इचलकरंजी यांचा संबंध पंचगंगेशी, तर निलेवाडी, घुणकी यांचा वारणेशी. या भागातल्या पुराचे एक वैशिष्ट्य आहे. पाऊस पडतो पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर आणि पाणी चढते इकडे पूर्वेला. कधी कधी तर गावात ऊन पडलेले असते आणि ओढ्याला उलटे पाणी येऊ लागते.

म्हणजे धोका ज्याला आधी दिसतो तो माणूस एका जागी आणि धोक्यात असलेला माणूस दुसऱ्या जागी. राधानगरी धरणाचे उदाहरण घ्या. भोगावती नदीवरच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात. माणसाने चाक फिरवावे लागत नाही. एका दरवाजातून सेकंदाला सुमारे १,४०० घनफूट पाणी बाहेर पडते. हे पाणी कोल्हापूरपर्यंत आणि तेथून खाली इचलकरंजीकडे यायला काही तास लागतात. हे तास म्हणजे आपल्या हाती असलेला वेळ. दरवाजा आपोआप उघडतो, पण बातमी आपोआप पोचत नाही. ती पाण्याच्या पुढे धावावी लागते. ती कशी धावत आली आणि मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या या कामात कधी व कशा सामील झाल्या, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

दवंडी, तार आणि रेडिओ

गावाला सावध करण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे दवंडी. हलगी वाजली की माणसे हातातले काम थांबवून कान देत. या साधनाचे तीन गुण ध्यानात ठेवा, पुढे ते उपयोगी पडणार आहेत. एक, दवंडी नावानिशी नसते. जो ऐकण्याच्या टप्प्यात असेल त्याला ती ऐकू येते, मग तो गावचा असो वा पाहुणा. दोन, आधी वाद्य वाजते, मग मजकूर येतो. म्हणजे लक्ष वेधण्याची सोय तिच्यातच आहे. तीन, दवंडी देणे हे कोणाच्या खुशीवर सोडलेले नव्हते. वतनाच्या अन्यायी पद्धतीने हे काम महार समाजावर लादलेले होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने बंद केली. पुढे राज्यात दवंडीचे काम महसूल खात्याच्या कोतवालाकडे आले. माणूस बदलला तरी हे काम कोणाचे, याविषयी गावात शंका नव्हती.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. रेल्वेबरोबर तारयंत्र येते आणि तारेने बातमी घोड्यापेक्षा, पाण्यापेक्षाही वेगाने जाते. पण तार जाते एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. स्टेशनपासून पाणंदीतल्या घरापर्यंत तिला पुन्हा माणसाचे पाय लागतात. १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले. आता आवाज थेट घरात आला. रेडिओ सर्वांना एकदम सांगतो, हा दवंडीचा पहिला गुण त्याच्यात आहे. दुसरा मात्र नाही. रात्री दोन वाजता बंद असलेला रेडिओ कोणाला उठवत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्या देशात १९८० च्या दशकात झाला, तो समुद्रकिनाऱ्यावर. १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे दगावली होती. त्यानंतर इन्सॅट उपग्रहामार्फत इशारे पाठवण्याची योजना झाली. किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांत खास ग्राहकयंत्रे बसवली गेली. प्रत्येक भागाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक होता. वादळ ज्या भागाकडे येत असेल तेथलीच यंत्रे उपग्रहाच्या इशाऱ्याने आपोआप जागी होत, भोंगा वाजे आणि मग स्थानिक भाषेत सूचना ऐकू येई. दवंडीचे पहिले दोन्ही गुण यात होते. फक्त यंत्र कचेरीत होते, घरात नव्हते.

पोस्टमन आणि दवंडी

३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले, कोलकाता आणि दिल्ली यांच्यामध्ये. त्यानंतर राज्याराज्यांत खासगी कंपन्यांना परवाने मिळाले. महाराष्ट्र मंडलात सुरुवातीला बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल या कंपन्या आल्या. २००० मध्ये भारत संचार निगम स्थापन झाले आणि २००२ मध्ये त्याची मोबाइल सेवा सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत मोबाइल शेताच्या बांधापर्यंत पोचला.

मोबाइलवर मजकूर पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक वर्गात समजावून सांगण्याजोगा आहे. एसएमएस म्हणजे पोस्टमन. प्रत्येक पत्रावर पत्ता हवा, म्हणजे मोबाइल क्रमांक हवा. पन्नास हजार लोकांना कळवायचे तर पन्नास हजार पत्रे, एकामागून एक. संकटाच्या वेळी सगळेच एकमेकांना फोन करू लागतात, वाट तुंबते आणि पत्रे अडकून पडतात. शिवाय त्या दिवशी तालुक्यात प्रत्यक्ष कोण आहे हे यादीवरून कळत नाही. नरसोबाच्या वाडीला निघालेला प्रवासी यादीत नसतो, आणि पुण्याला नोकरीस गेलेल्या गावकऱ्याचा फोन मात्र उगाच खणखणतो.

दुसरी पद्धत सेल ब्रॉडकास्ट. एक टॉवर जेवढा परिसर सांभाळतो त्याला सेल म्हणतात. टॉवर आपल्या परिसरात सतत काही माहिती प्रसारित करत असतो आणि चालू असलेला प्रत्येक मोबाइल ती ऐकत असतो. या प्रसारणातच एक मार्ग मजकुरासाठी राखून ठेवता येतो. टॉवर मजकूर एकदा उच्चारतो आणि टप्प्यातले सगळे मोबाइल तो एकाच वेळी उचलतात, मग ते पन्नास असोत की पन्नास हजार. क्रमांकांची यादी लागत नाही. संभाषणाच्या वाटा तुंबल्या तरी हा मार्ग वेगळा असल्याने मोकळा राहतो. कोणी ऐकले हे टॉवरला कळतही नाही, त्यामुळे कोणावर पाळत ठेवण्याचा प्रश्न येत नाही. ही सरळसरळ दवंडीच आहे. हलगीच्या आवाजाची हद्द असते तशी टॉवरची हद्द असते.

ही पद्धत अलीकडची नाही. जीएसएम तंत्राचे नियम लिहिले गेले तेव्हापासून ती त्यांत आहे आणि १९९७ मध्ये पॅरिसला तिचे प्रात्यक्षिकही झाले होते. भारतातही ती वापरात होती. ज्यांनी २००० नंतरचे छोट्या पडद्याचे फोन वापरले त्यांना आठवत असेल, प्रवासात पडद्यावर गावांची नावे बदलत जात. फोनच्या यादीत ५० क्रमांकाचा मार्ग चालू केला की जवळच्या टॉवरचे नाव उमटे. तीच ही सेल ब्रॉडकास्ट.

आता तारखा जुळवून पाहा. २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसांत अनेकांच्या खिशातल्या फोनला आपण कोणत्या टॉवरखाली आहोत हे माहीत होते. त्याच मार्गाने 'पाणी येत आहे, निघा' असे सांगणे तंत्राच्या दृष्टीने अशक्य नव्हते. पण तसे सांगण्याची व्यवस्था नव्हती. यंत्र खिशात आधी आले, करार मागून आला.

कंपन्यांनी पुढाकार का घेतला नाही?

याचे कारण कंपन्यांच्या वाईटपणात शोधण्यापेक्षा हिशेबात शोधलेले बरे. एसएमएस मोजता येतो, म्हणून त्याचे पैसे आकारता येतात. दवंडी कोणी ऐकली हेच कळत नाही, तर बिल कोणाच्या नावे फाडणार? त्यासाठी प्रत्येक कंपनीला वेगळी यंत्रणा बसवावी लागते, ती अद्ययावत ठेवावी लागते, आणि ती वापरली जाणार वर्षातून एखाद्या वेळी. इशारा चुकला तर जबाबदारी कोणाची, हा आणखी एक प्रश्न. तिसरा प्रश्न हातातल्या फोनचा. तो विशिष्ट मार्गावर कान देणारा नसेल तर टॉवरने कितीही ओरडून उपयोग नाही. आणि फोन बनवणारी कंपनी तर वेगळीच असते.

या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी शोधली. जपानमध्ये भूकंपाची पहिली, दुबळी लहर नोंदली गेल्यावर मोठा हादरा येण्याआधी मिळणारे सेकंद फार मोलाचे असतात. तेथे २००७ मध्येच एनटीटी डोकोमो या कंपनीने ही सेवा सुरू केली. अमेरिकेने २००६ मध्ये कायदा केला, पण कंपन्यांचा सहभाग ऐच्छिक ठेवला. जी सामील होईल तिला इशाऱ्यांसाठी ग्राहकाकडून वेगळे पैसे घेता येणार नाहीत, मात्र कायदेशीर दाव्यांपासून संरक्षण मिळेल. जी सामील होणार नाही तिने तसे ग्राहकाला आधी सांगितले पाहिजे. कोणतीही सक्ती नसताना मोठ्या कंपन्या आत आल्या आणि २०१२ मध्ये सेवा चालू झाली. नेदरलँड्समध्येही त्याच वर्षी ती सुरू झाली. युरोपीय संघाने २०१८ मध्ये सर्व सदस्य देशांना मोबाइलवरून इशारे देण्याची व्यवस्था बंधनकारक केली आणि जून २०२२ ही मुदत दिली.

ही मुदत संपण्याआधीच जुलै २०२१ मध्ये जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. त्या पुराने जर्मनीत १८० हून अधिक माणसे दगावली. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या या देशाकडे तेव्हा सेल ब्रॉडकास्ट नव्हती. ती फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. आर नदीच्या पुरानंतर काही दिवसांत पंचगंगेने कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांची खूण ओलांडली. तेथे इशाऱ्याची पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट मानली जाते. त्याच सुमारास महाडजवळ तळिये येथे दरड कोसळली. श्रीमंत देश आणि आपण, दोघेही त्या महिन्यात एकाच पायरीवर उभे होतो.

भारताने निवडलेली वाट

आपल्याकडे डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यातून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि जिल्हा पातळीवरची प्राधिकरणे उभी राहिली. म्हणजे 'इशारा द्यायचा कोणी' याचे उत्तर मिळाले. 'कोणत्या भाषेत' याचे उत्तर बाहेरून आले. २००४ मध्ये इशाऱ्यांसाठी एक सामायिक मसुदा ठरवला गेला. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कॅप' म्हणतात. पुराचा असो की भूकंपाचा, प्रत्येक इशारा ठरावीक रकान्यांत भरायचा. निकड किती, तीव्रता किती, खात्री किती आणि परिसर कोणता, असे ते रकाने. एकदा भरलेला हा मसुदा मोबाइल, रेडिओ, दूरदर्शन अशा कोणत्याही वाटेने जाऊ शकतो.

या मसुद्यावर आधारलेली 'सचेत' नावाची यंत्रणा सी-डॉट या सरकारी संस्थेने प्राधिकरणासाठी तयार केली. ही १९८४ मध्ये स्थापन झालेली तीच संस्था, जिने वातानुकूलन नसतानाही चालणारी छोटी ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज बनवली होती. हवामान खाते, केंद्रीय जल आयोग यांसारख्या संस्था आपापले इशारे या यंत्रणेत भरतात, राज्याचे अधिकारी ते तपासून मंजूर करतात आणि मग ते कंपन्यांकडे जातात. खर्चाचा प्रश्न २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सोडवला. आपत्तीच्या काळातले ठरावीक इशारे विनामूल्य, त्या मर्यादेबाहेरच्या एसएमएससाठी माफक दर, अशी ती विभागणी. २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन बनवणाऱ्यांनाही नियम लावला. सहा महिन्यांच्या मुदतीनंतर, सेल ब्रॉडकास्ट घेण्याची सोय नसलेला फोन देशात विकायचा नाही, मग तो साधा बटणांचा असला तरी. त्याच वर्षाच्या दूरसंचार कायद्यात आणीबाणीच्या काळासाठी सरकारला कंपन्यांबाबत विशेष अधिकार ठेवले गेले. थोडक्यात, अमेरिकेने कंपन्यांना आमंत्रण दिले, भारताने आज्ञा केली. दवंडीचा तिसरा गुण, म्हणजे काम कोणाचे याची निश्चिती, तेथे परत आला.

२० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रातले असंख्य मोबाइल एकदम मोठ्याने वाजले. तो चाचणीचा संदेश होता. त्याच्या आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली होती. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती. या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. आवाज पोचवण्याचे यंत्र कितीही चांगले असले तरी धोका आधी कोणाला तरी दिसलेला असावा लागतो. जे मोजले जात नाही त्याचा इशारा देता येत नाही.

यंत्राच्या मर्यादा

आणखी तीन मर्यादा आहेत. पहिली विजेची. टॉवरला वीज लागते. पुरात वीज जाते, बॅटरी काही तास चालते, डिझेल जनित्राला डिझेल पोचवावे लागते आणि रस्ता तर पाण्याखाली असतो. म्हणून इशारा पाणी यायच्या आधी गेला पाहिजे. नंतर कदाचित टॉवरच मुका झालेला असेल. हलगी घराघरातून काढून टाकण्याची घाई करू नये, ती एवढ्यासाठीच.

दुसरी मर्यादा विश्वासाची. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा सर्वांच्या फोनवर गेला. तो चुकून गेला होता, आणि तो चुकीचा असल्याचा संदेश यायला ३८ मिनिटे लागली. असा अनुभव दोनदा आला की तिसऱ्या वेळी लोक फोन बाजूला ठेवतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण दुसरीतिसरीत शिकवतो, ती येथे तंतोतंत लागू पडते.

तिसरी मर्यादा अक्षरांची, आणि ती गणिताच्या तासाला घेण्यासारखी आहे. सेल ब्रॉडकास्टच्या एका पानात मूळ जीएसएम पद्धतीने ८२ बाइट, म्हणजे ६५६ बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून एका पानात ९३ अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून बसतात फक्त ४१. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची प्रत्येकी वेगळी मोजणी होते. 'हातकणंगले' हा शब्द आपण सहा अक्षरांचा म्हणतो, पण यंत्राच्या लेखी तो नऊ चिन्हांचा आहे. अशी पंधरापर्यंत पाने जोडता येतात, तरी पहिल्या पानातच काम झाले तर उत्तम. 'नदीकाठ सोडा. उंच जागी जा.' हे वाक्य रिकाम्या जागा व विरामचिन्हे धरून २५ चिन्हांत बसते. कचेरीच्या भाषेत 'नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे' असे लिहिले तर एक पान पुरत नाही. मुलांना ४१ चिन्हांत इशारा लिहायला द्या. मराठीचा आणि माहितीशास्त्राचा धडा एकाच वेळी होईल.

शाळा काय करू शकते?

समजा, फोन वाजला आणि पडद्यावर आले, 'राजाराम बंधारा ४५ फूट, पाणी वाढत आहे.' रुई किंवा इंगळीतल्या माणसाला याचा अर्थ काय कळावा? पाणी त्याच्या गोठ्यापर्यंत येणार की मारुतीच्या देवळापर्यंत? ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या पातळीपेक्षा बारा फूट अधिक. २००५ ची खूण मनात धरून बसलेल्यांचा अंदाज तेव्हा चुकला, कारण पाणी त्या खुणेच्याही वर आले. आकडा फोनवर पोचला तरी त्याचा उंबऱ्याशी संबंध जोडणारे कोणी तरी हवे असते. हे काम कोणतीही मोबाइल कंपनी करू शकत नाही. शाळा करू शकते.

सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन गावातल्या थोरामोठ्यांना विचारा, २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कोठपर्यंत आले होते. भिंतीवरच्या ओल्या रेषा, देवळाच्या पायऱ्या, विजेचे खांब यांवरच्या खुणा नोंदवा. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली की दोन खुणांमधला उंचीचा फरक मोजता येतो. त्या त्या दिवशीची राजाराम बंधाऱ्याची पातळी जुन्या वर्तमानपत्रांतून काढा आणि दोन्ही आकडे एका तक्त्यात मांडा. बंधाऱ्यावर एक फूट वाढले म्हणजे आपल्याकडे एक फूटच वाढते असे मात्र गृहीत धरू नका. नदीचे पात्र रुंद झाले, पुलाजवळ अडले, पुढे कृष्णेला फुगवटा असला तर हिशेब बदलतो. तो किती बदलतो हेच तक्त्यातून दिसेल. वारणाकाठच्या शाळांनी पंचगंगेचा आकडा न घेता वारणेवरचा, चांदोली धरणाच्या विसर्गाशी जोडलेला आकडा घ्यावा.

असा तक्ता शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवला, तर फोनवर आलेला आकडा गावाला वाचता येईल. सोबत आणखी दोन ओळी लिहाव्यात. कोणत्या आकड्याला जनावरे हलवायची आणि कोणत्या आकड्याला माणसे. हे आकडे गावसभेत ठरवावेत आणि दर मोठ्या पुरानंतर तपासून सुधारावेत. पावसाळ्याच्या सुरुवातीचा जून महिना या कामाला चांगला. तेव्हा शाळा नुकती उघडलेली असते आणि नदी अजून पात्रात असते.